बसायची वेळ

माझ्या धाकट्या बहिणीकडे वेळ आहे, आणि ते मला सहन होत नाही.

तिने गाडी घेतली असती, बंगला बांधला असता, तर मी आमच्या गल्लीत पेढे वाटले असते. खरंच वाटले असते. पण दुपारचा एक वाजला की ही बाई अकोल्यात आपल्या ब्लाउज शिवायच्या दुकानाचं शटर अर्धं ओढते, हात धुते आणि ताटावर बसते. गरम भाकर खाते! त्याच वेळी मी अमरावतीला आमच्या छापखान्यात एका हाताने माउस फिरवत असते, दुसऱ्या हातात गार पोळीची गुंडाळी असते, आणि पडद्यावर कुणाच्या तरी आत्याचं नाव खालून वर चढवत असते. दोघी एकाच आईच्या, एकाच बापाच्या दुकानात वाढलेल्या. मग तिला वेळ कुठून भेटला?

आमच्याकडे वेळ मिळत नाही, भेटतो. बस भेटते, नोकरी भेटते, तसा टाइमही भेटतो. मला तो कधी भेटला नाही. तिला रोज भेटतो, आणि भाकर खाऊन जातो.

एवढ्यावर निभलं असतं, तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण बाबा तिच्याकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळा सुधारेपर्यंत तिकडे राहतो म्हणाले. डोळा सुधारला. मी त्यांची खोली झाडून ठेवली. आणि बहिणीचा फोन आला:

"ताई, बाबा म्हणून राहिले की दुकानातली खुर्ची धाडून दे."

सागवानी, वेताच्या बैठकीची ती खुर्ची. मला आठवतं तेव्हापासून काउंटरच्या मागे आहे आणि तिच्यात बाबा आहेत. माणूस कपडे मागवतो तेव्हा तो पाहुणा असतो. खुर्ची मागवतो तेव्हा त्याने मुक्काम हलवलेला असतो. मी फोनवर म्हटलं, "नेटवर्क नाई," आणि फोन कापला.

वेळ कुणी खाल्ला ते सांगते. आम्ही लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं, पत्रकं छापतो. बाबांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मी कॉम्प्युटरवर जुळवते. मी लिहायला शिकले तीही पत्रकांवरच, म्हणून माझं लिहिणं असं अंगावर जातं. पत्रकात जागा कमी असते, लाडीगोडी बसत नाही. तर या दुकानाचा बाबांनी घालून दिलेला एकच कायदा: पायरी चढला त्याला "या, बसा" म्हणायचं. काम असो नसो. वऱ्हाडात "बसा" म्हटलं नाही, तर माणूस दुखावतो, आणि दुखावला की तीन पिढ्या पत्रिका दुसरीकडे छापतो. बाबा म्हणायचे, "लोक बसले तर धंदा उभा राह्यते." त्यासाठी काउंटरपुढे स्टुलं. स्टूल गिऱ्हाइकाचं, खुर्ची घरच्या माणसाची.

मग लोक बसतात. का नाही बसणार? बसची वाट पाहणारा बसतो. "मोबाइल चार्जिंगले लावतो, बसतो जरासा," म्हणणारा बसतो. आणि नवरदेवाचा मामा बसतो. प्रत्येक लग्नाला एक मामा असतोच. प्रूफ हातात घेऊन तो चष्मा पुसतो, तिथेच माझी दुपार संपते.

"काहून वं पोरी, माह्या नावापुढं श्री काहून नाई?"

"मामा, वर एकदाच घातला ना सगळ्यांसाठी."

"थो सगळ्यायचा झाला. माहा कुठी हाये?"

मी श्री घालते. मग मामाच्या नावाची ओळ लांबते, काकाची ओळ खाली सरकते, आणि काका संध्याकाळी येऊन बसतो.

दुकानदारांसाठी एकदा वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झालं होतं. बाहेरगावचे एक सर आले होते, कडक इस्त्रीचे. त्यांनी पडद्यावर चार चौकोन काढले. तातडीचं इथे, महत्त्वाचं तिथे, बाकीचं फेकून द्या. पहाटे उठा, उद्याची कामं आजच लिहून काढा. मी हात वर केला. "सर, नवरदेवाचा मामा कोणत्या चौकोनात टाकू?" सभागृह हसलं. सर म्हणाले, "अशी कामं टीमकडे सोपवा." मी म्हटलं, "माझी टीम म्हणजे बाबा. त्यांना मामा आवडतो." सरांनी पुढची स्लाइड लावली. असल्या लोकांची मला चीड येते. दुकानदाराचा वेळ कोण खातं ते यांना ठाऊक नसतं आणि सल्ला मात्र दुकानदारालाच! पहाटे उठ म्हणे. अरे, तो झोपला कधी ते तर विचार.

म्हणून मी पत्रक काढलं. आम्ही काही पोरं-पोरी बाजारात असल्या गोष्टींसाठी भांडत असतो. मथळा माझा: "दुकानदार माणूस आहे, एटीएम नाही!" मागणी एकच, दुपारी एक तास बाजार बंद, मालकालाही जेवायला सुट्टी. मी ते दुपारच्याच वेळेला वाटलं, कारण त्या वेळी सगळे आपापल्या गल्ल्यावर हमखास सापडतात. लोकांनी वाचलं, "बरोबर हाये ताई" म्हटलं आणि त्यावर भजी ठेवून खाल्ली. एक तास कुणीही बंद ठेवला नाही. मीही नाही. मला पत्रकं छापायची होती ना.

बाबांचं ऑपरेशन झालं ते या सगळ्या धामधुमीत. डोळ्यात दिवसातून बऱ्याचदा थेंब टाकायचे होते. एके दिवशी बाबा खुर्चीत मान मागे टाकून, डोळा उघडा ठेवून बसले, मी बाटलीचं झाकण काढलं आणि पायरीवर आवाज आला, "ताई, अर्जंट हाये!" बिलबुकाचं काम होतं. मी "या, बसा" म्हटलं. तो बसला. त्याचं बोलणं संपून मी वळले, तर बाबा तसेच होते, मान मागे, डोळा छताकडे. हाक मारली नव्हती त्यांनी. गिऱ्हाईक बसलेलं असताना मध्ये बोलायचं नाही, हाही त्यांचाच कायदा. थेंब टाकून झाल्यावर डोळा मिटून म्हणाले, "मी अकोल्याले जाऊन येतो."

त्या बिलबुकवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही.

खुर्चीच्या फोननंतर आठवडाभराने मी अकोल्याला गेले. खुर्ची नेली नाही. बाबांना आणायला गेले होते, त्यांचा मुक्काम पक्का करायला नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत बसमध्ये सगळं भाषण तयार केलं होतं.

बहिणीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मोटार लावलेलं मशीन, कापायचं टेबल, भिंतीला आरसा. एक मावशी माप द्यायला आली होती. माप दिलं, खडूच्या खुणा झाल्या आणि तिने इकडेतिकडे पाहिलं.

"काय वं, बसाले काईच नाई का तुह्याकडं?"

मी मनात म्हटलं, आता पेटणार! वऱ्हाडातली बाई, आणि तिला उभं ठेवलं!

"चार वाजता ये ना मावशी," बहीण मान वर न करता म्हणाली. "तवा बसू. च्या ठेवतो."

"बरं बाप्पा, चारले येतो," म्हणून मावशी गेली. हसत गेली! मी दारापर्यंत जाऊन पाहिलं, वळणावर तरी बडबडते का. नाही बडबडली.

दाराच्या मागच्या बाजूला माझं पत्रक चिकटवलेलं होतं. "दुकानदार माणूस आहे, एटीएम नाही!" त्याखाली तिने खडूने लिहिलं होतं: जेवण एक वाजता, बसणं चार ते पाच.

मी विचारलं, "हे काय?"

"तूच तं लिहिलं," ती म्हणाली. "मी वाचलं अन् केलं."

म्हणजे घाम माझा, उन्हात वाटलं मी, ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी त्यावर भजी खाल्ली, आणि दुपार भेटली हिला! तिला शाबासकी द्यावी की दारावरून पत्रक फाडावं, ते मला कळेना.

एक वाजता शटर अर्धं खाली आलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. बाबा मांडी घालून बसले. त्यांचे गाल भरले होते. माझ्याकडे असताना ते उभ्याउभ्या जेवायचे, मीही तशीच, आणि आम्हाला वाटायचं की यालाच मेहनत म्हणतात. मी भाषणाला सुरुवात केली.

"बाबा, घरी कधी चालता?"

"खुर्ची आणली?"

"नाई."

"मंग कायले आली?"

"तुमाले न्याले आली ना!"

त्यांनी भाकर मोडली. तेवढ्यात शटरखाली दोन पाय दिसले आणि आवाज आला, "आहे का वं घरात?" माझ्या अंगात सवय आहे, मी उठायला लागले. बहिणीने माझा पदर धरून खाली बसवलं आणि आतूनच ओरडली, "जेवून राहिलो जी!"

"जेवा जेवा," पाय म्हणाले, "घाई नाई." आणि निघून गेले.

जेवा जेवा! अमरावतीत इतकी वर्षं मी दुकान चालवते, मला एका गिऱ्हाइकाने कधी "जेवा" म्हटलं नाही. मी तिच्यावर घसरले. म्हटलं, तुझ्याकडे काय, चार ब्लाउज, माझ्याकडे अख्खी लग्नसराई असते. तुझा नवरा कमावतो, तुला चोचले परवडतात. बाबांनाही तूच पळवलंस, खुर्चीही तूच मागवलीस.

तिने शांतपणे ताट उचललं. "ताई, भांडाचं असीन तं चारच्या नंतर. आता बाबाच्या डोयात थेंब टाकाचे हाये."

भांडणालाही वेळ ठरवून दिली! आणि मग माझ्यासमोर बाबांनी मान मागे टाकली, डोळा उघडला, आणि थेंब लगेच पडले.

चार वाजता तिने टेबलाखालून स्टुलं ओढली. तशीच प्लास्टिकची, आमच्यासारखी. एक चटई पसरली. बाया आल्या. सकाळची मावशी आली, शेजारच्या खाला आल्या, पानाचा डबा घेऊन. बाबा मशीनजवळच्या एका डगमगत्या स्टुलावर बसले होते, खुर्ची का मागवली ते मला तेव्हा दिसलं. खाला म्हणाल्या, "भाई, कलवाली बात पूरी करो. वो काली पत्रिका."

बाबांनी गोष्ट सुरू केली. ती मला पाठ होती. म्हणजे, मला तसं वाटत होतं. फार वर्षांपूर्वी, आम्ही दोघी लहान, आई होती तेव्हाची. मशीनवर तेरवीच्या कार्डाची काळी चौकट तशीच राहिली आणि बाबांनी त्यातच एक लग्नपत्रिका छापून टाकली. सगळी छापली. "चि. सौ. कां." आणि भोवती सुतकाची काळी पट्टी! पत्रिका न्यायला नवरदेवाचा मामा आला. गठ्ठा उघडला. चटईवरच्या बाया आतापासूनच पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामा लाल झाला, म्हणाला...

"पाच वाजले," बहीण म्हणाली.

सगळ्या उठल्या. कुणी कुरकुर केली नाही. बाबाही उठले. "राहिलेलं उद्या," म्हणाले.

"मंग काय झालं?" मी विचारलं. चटईवर मी एकटीच बसून होते. "मामा काय म्हणाला?"

"तुले माईत नाई?" बाबांना आश्चर्य वाटलं.

नव्हतं माहीत. मी आठवून पाहिलं. आमच्या दुकानात ही गोष्ट शंभरदा सुरू झाली असेल, आणि दर वेळी मामा लाल झाला की पायरीवर कुणीतरी यायचं, बाबा "या, बसा" म्हणायचे, आणि गोष्ट तिथेच राहायची. मी इतकी वर्षं अर्धीच गोष्ट पाठ केली होती. आणि उद्या चार वाजता अकोल्याच्या बायांना ती पूर्ण ऐकायला भेटणार होती! माझ्या बापाची गोष्ट! मला थांबता येत नव्हतं, सकाळी एका लग्नाचं प्रूफ द्यायचं होतं. संध्याकाळच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि ज्या बाईशी माझं काही वैर नव्हतं तिच्या पानाच्या डब्यावर जळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली स्टुलं उचलून मागे टाकली. तिला जमतं तर मला का नाही? दारावर कागद लावला: बसायची वेळ चार ते पाच. अकरा वाजता प्रूफवाला मामा आला. कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"बसा नाई म्हणत?"

"चार वाजता म्हणते मामा. आता प्रूफ पाहा, सही करा."

"तुह्या बापानं असं कदी केलं नाई," तो म्हणाला, आणि काउंटरला वळसा घालून सरळ आत आला आणि बाबांच्या खुर्चीत बसला. पाय लांब केले. "हं, दाखव."

माझ्या डोळ्यांपुढे ती मागे टाकलेली मान आली.

"उठा," मी म्हटलं. "ती खुर्ची घरच्या माणसाची आहे."

"मंग मी कोन हाये?"

"तुम्ही नवरदेवाचे मामा. उठा."

उठला. प्रूफ काउंटरवर आपटलं आणि गेला. तीन पिढ्या गेल्या म्हणायच्या. मी शटर ओढलं. भर लग्नसराईत, दिवसाउजेडी, पूर्ण ओढलं. खुर्ची खांद्यावर घेतली आणि बसस्टँड गाठलं. रागात होते. वाटलं, इथे ठेवली तर कुणीही येऊन बसेल. त्यापेक्षा ज्याची आहे त्याला जाऊ दे.

बसमध्ये लोकांची करमणूक झाली. "ताईनं सीट घरूनच आणली!" एक जण म्हणाला. कंडक्टर म्हणाला, "खुर्चीचं अर्धं तिकीट काढा." गर्दी झाल्यावर त्याच खुर्चीवर मूर्तिजापूरपर्यंत एक आजीबाई बसली. मी तिला काही म्हटलं नाही. मामा नव्हती ती.

अकोल्याला पोहोचले तेव्हा बसणं चालू होतं. खुर्ची पाहून बाया बाजूला झाल्या. बाबा खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी तिचे हात चाचपले. मी त्यांच्या जुन्या डगमगत्या स्टुलावर बसले.

"मामा काय म्हणाला?" मी विचारलं.

"उसने बोला..." खाला सुरू झाल्या. अर्थात! त्यांना माहीत झालं होतं.

"थांबा," बाबा म्हणाले. "हिले मी सांगतो."

मामा म्हणाला होता, उद्या पत्रिका वाटायला माणसं निघणार, आता तुमचीच तेरवी घालतो. नवी कार्डं आणायला वेळ नव्हता. तेव्हा आई आतून आली. तिने दुकान बंद करायला लावलं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, सोनेरी कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या, आणि दोघांनी मिळून एकेका पत्रिकेच्या काळ्या चौकटीवर सोनं चिकटवलं. मामालाही बसवलं, त्याने पट्ट्या कापल्या. पुढे सगळी लग्नं यायची आणि म्हणायची, आम्हालाही ती सोन्याच्या काठाची पत्रिका पाहिजे.

"थो एकच दिवस दुकान बंद होतं," बाबा म्हणाले. "तुही माय म्हणे, किती बरं वाटून राहिलं जी, मधात कोनीच येऊन नाई राहिलं. असं रोज घंटाभर ठेवत जा. मी म्हटलं, ठेवू. मंग लग्नसराई आली."

घड्याळात पाच वाजून गेले होते. बहीण तोंड फिरवून मशीनचा दोरा ओवत बसली. तिने हे चार वाजताच, मी पोहोचायच्या आधी ऐकलं होतं. आईचं बोलणं तिला माझ्या अर्धा तास आधी भेटलं. तेही तिलाच!

"बाबा," मी म्हटलं, "घरी येता का?"

"सोमवारी येतो. पन खुर्ची राहू दे इथंच. तुह्याकडं मी स्टुलावर बसीन."

ते सोमवारी आले. चार वाजता मी स्टुलं बाहेर काढली. बसायला फारसं कुणी नव्हतं, तो मोबाइल चार्जिंगवाला तेवढा होता. बाबा पायरी चढले आणि थांबले. इतकी वर्षं जे वाक्य मी कुणालाही फेकून दिलं, ते माझ्या तोंडून निघेना. पण ते वाट पाहत होते, म्हणून म्हटलं, "या, बसा." ते स्टुलावर बसले, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला. मी शटर अर्धं ओढलं, आत चहा ठेवला. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "ताई, अर्जंट हाये!" मी उठले नाही. चार्जिंगवालाच ओरडला, "बसून राहिले थे, मंग ये!"

बाबा हसले. पाच वाजता त्यांनी कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. मी म्हटलं, आजचा दिवस राहा. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी पुन्हा येतो, आता गाडी चुकेल. बहिणीकडे सगळे एकत्र जेवतात, त्या वेळेला त्यांना पोहोचायचं होतं.